स्वस्त इअरफोन आणि त्याची रबरी टोपी

तीन वर्षांपूर्वी मी साडेचारशे रुपयांना इअरफोनची एक जोडी विकत घेतली. तारेची, साधी, कानाच्या भोकात बसणारी. घरी आणताच ती माझ्या दोन भाच्यांच्या हाती पडली. थोरली तेव्हा नववीत होती, धाकटी चौथीत. दोघींनी एकच गाणे, एकाच फोनवर, याच जोडीतून ऐकले. थोरली म्हणाली, “मामा, छान आहेत हे! तबला कोणी शेजारी बसून वाजवतंय असं वाटतं.” धाकटीने नाक मुरडले. “तबला? मला तर पत्र्याच्या डब्यावर टिचक्या मारल्यासारखं ऐकू येतंय. दुकानदाराने तुला फसवलं, मामा.”

आता या दोघींपैकी खरे कोणाचे? दोघींचेही खरे होते. इअरफोन तोच, गाणे तेच. बदलला होता तो फक्त कान. हे कसे घडले ते समजून घ्यायचे, तर आधी इअरफोनच्या पोटात डोकावले पाहिजे.

घरात एखादा बंद पडलेला इअरफोन असेल, तर मोठ्या माणसांना विचारून तो उघडून पाहा. आत एक छोटेसे चुंबक दिसेल. त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटवलेला प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पापुद्रा. या पापुद्र्याला आपण पटल म्हणू. वेटोळ्यातून वीजप्रवाह गेला की चुंबकाजवळ ते ढकलले जाते. प्रवाहाची दिशा उलटली की ते मागे ओढले जाते. गाण्याच्या कंपनांप्रमाणे प्रवाह बदलतो, तसे पटल पुढेमागे हलते आणि समोरची हवा हलवते. रेडिओच्या मोठ्या ध्वनिक्षेपकातही हेच घडते. फरक इतकाच, की तिथे पटल वितभर रुंद असते आणि इथे जेमतेम एक सेंटिमीटर. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्यापासून बनवलेली जोरदार चुंबके निघाली, त्यामुळे एवढ्याशा जागेत पुरेसे बळ मिळू लागले. सारांश, यंत्र फार अवघड नाही. म्हणूनच ते स्वस्तात बनवता येते, आणि चांगलेही बनवता येते.

पण मग डब्यावरच्या टिचक्या कुठून आल्या?

एक प्रयोग करा. तबला किंवा ढोलकी असलेले एखादे गाणे लावा आणि इअरफोन कानात न घालता वीतभर अंतरावर धरा. काय ऐकू येते? झांजा, टाळ, गायकाच्या आवाजातील ‘स’ आणि ‘च’ यांची चिरचिर. डग्ग्याचा घुमार साफ नाहीसा! आता तोच इअरफोन कानात नीट बसवा. डग्गा परत येतो. म्हणजे तो इअरफोनमध्ये होताच. बाहेर असताना आपल्यापर्यंत पोहोचत नव्हता.

याचे कारण सायकलच्या पंपाकडून शिकता येईल. पंपाच्या तोंडावर बोट घट्ट दाबून दांडा ढकला. आतली हवा लगेच दाबली जाते आणि बोटाला तो दाब जाणवतो. बोट काढून घ्या आणि दांडा सावकाश ढकला. हवा मुकाट्याने निघून जाते, दाब कसलाच नाही. कानात घट्ट बसलेला इअरफोन हा बोट दाबलेला पंप आहे. त्याचे पटल हा दट्ट्या, कर्णनलिका ही पंपाची नळी आणि टोकाला असलेला कानाचा पडदा हे बोट.

ही कोंडलेली जागा किती लहान आहे, पाहा. कानाचा पडदाही थोडा दबतो. तो हिशेबात धरला तरी ही जागा सुमारे दीड घनसेंटिमीटर, म्हणजे १५०० घनमिलिमीटर हवेसारखी वागते. बऱ्यापैकी मोठा, ९४ डेसिबेलचा आवाज ऐकवायचा असेल, तर हवेच्या दाबात एक पास्कल एवढा बदल करावा लागतो. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. हवा झटपट दाबली जाते तेव्हा एवढ्या बदलासाठी तिचे आकारमान सुमारे एक लाख चाळीस हजारांश कमी झाले तरी पुरते. १५०० ला १,४०,००० ने भागा. उत्तर येते सुमारे ०.०१ घनमिलिमीटर. पटलाचे क्षेत्रफळ ५० चौरस मिलिमीटर धरले, तर त्याने किती सरकायचे? ०.०००२ मिलिमीटर! माणसाच्या केसाची जाडी याच्या तीन-साडेतीनशे पट असते. एवढीशी हालचाल करायला कोणत्याही स्वस्त इअरफोनला कष्ट पडत नाहीत. अट एकच: कोंडलेली हवा कोंडलेली राहिली पाहिजे.

आणि ती कोंडून ठेवण्याचे काम कोण करते? चुंबक नव्हे, वेटोळे नव्हे, सोनेरी मुलाम्याची पिन तर नव्हेच. ते काम करते टोकाला बसवलेली सिलिकॉनची मऊ टोपी. दुकानदार तिला नुसते ‘रबर’ म्हणतो आणि डब्यात तिच्या आणखी दोन जोड्या, एक लहान व एक मोठी, एका पिशवीत घालून देतो. बहुतेक लोक ती पिशवी उघडतही नाहीत.

आता टोपी आणि कान यांच्यामध्ये बारीकशी फट राहिली तर काय होईल? सगळेच आवाज सारखे कमी होतील, असे तुम्हांला वाटेल. तसे होत नाही. दर सेकंदाला ५० कंपने असलेला खर्जाचा आवाज घ्या. त्याच्या प्रत्येक कंपनात पटल अर्धा वेळ, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, हवा दाबत असते. फटीतून निसटायला हवेला हा वेळ भरपूर झाला. पण ३००० कंपनांच्या आवाजात दाबण्याची वेळ असते अवघी सेकंदाचा सहा हजारावा भाग. फटीतली हवा जड पायाने हलायला लागते न लागते, तोच ओढण्याची पाळी येते. म्हणून फटीतून खर्ज पळून जातो आणि तार स्वर मात्र आत राहतात. डग्गा जातो, टिचक्या उरतात. धाकटीच्या कानात नेमके हेच झाले होते. तिची कर्णनलिका अरुंद. मधल्या मापाची टोपी आत न शिरता दारातच अडून बसली होती. पिशवीतली सर्वांत लहान टोपी लावून दिली, आणि दुकानदार त्या क्षणी निर्दोष सुटला.

ही युक्ती काही आजची नाही. १८९१ साली एर्नेस्ट मेर्काडिए या फ्रेंच अभियंत्याने कानात घालायच्या जोड श्रवणयंत्राचे पेटंट घेतले. टेलिफोनसाठी केलेले ते यंत्र पन्नासेक ग्रॅम वजनाचे होते आणि त्याच्या टोकांना रबरी आवरण होते. कानाला घासू नये आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून! पुढे १९९१ साली अमेरिकेतील मीड किलियन यांच्या ‘एटिमोटिक रिसर्च’ने संगीत ऐकण्यासाठी कर्णनलिका घट्ट बंद करणारे इअरफोन बाजारात आणले. त्यांची आतली यंत्रणा निराळी होती आणि किंमतही भारी, पण आधी कान बंद करायचा हे तत्त्व तेच.

इथे जाता जाता एक गमतीची गोष्ट. खर्ज पळून गेला तरी गाण्याची चाल आपल्याला बिनचूक ओळखता येते, ती का? काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्यात जोडाच्या तारा सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावतात आणि खर्जाची तार ६९ वेळा. पण त्या तारेतून केवळ ६९ कंपनांचा स्वर निघत नाही; त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे अनेक उपस्वरही निघतात. मूळ स्वर कानापर्यंत पोहोचला नाही, तरी या उपस्वरांतील अंतरावरून मेंदू तो ताडतो. जुन्या घरगुती टेलिफोनमधून ३०० कंपनांच्या खालचे काही येतच नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर असतो १२० च्या आसपास. तरी वडिलांचा आवाज आपण वडिलांचा म्हणूनच ऐकत होतो. त्यामुळे चाल ओळखू आली म्हणून इअरफोन नीट बसला आहे असे समजू नका. तपासायचे असेल तर डग्ग्याची ‘घे’ अक्षरे ऐका, किंवा इअरफोन कानात ठेवून तोंड बंद करा आणि ‘म्’ असा हुंकार द्या. हुंकार डोक्यात घुमला तर कान बंद झाला आहे. एरवी आपल्या आवाजाने कवटीतून कर्णनलिकेपर्यंत आलेली खर्जाची कंपने उघड्या कानातून बाहेर जातात. दार लावले की ती आतच अडकतात. इअरफोन घालून चालताना पावलांचा धपधप आवाज येतो आणि कुरमुरे खाताना वादळ सुटल्यासारखे वाटते, तेही याचमुळे.

आणखी एक गंमत करा. डग्गा चांगला ऐकू येत असताना तोंड हळूहळू मोठे उघडा. बऱ्याच जणांना घुमार एकदम कमी झालेला जाणवेल. कर्णनलिकेच्या पुढच्या भिंतीला लागूनच जबड्याचा सांधा असतो. जबडा हलला की नलिकेचा आकार बदलतो आणि टोपीला फट पडते. शिवाय ही नलिका सरळ नसून किंचित वळणाची असते आणि तिचे तोंड गोल नसून लांबट असते. म्हणून इअरफोन सरळ कोंबू नये. दुसऱ्या हाताने कानाची पाळी वरमागे ओढावी, इअरफोन थोडा फिरवत आत सरकवावा आणि मग पाळी सोडावी. तार कानाच्या मागून वळवून खाली आणली, तर तारेची ओढ टोपीला बसत नाही आणि शर्टाला तार घासल्याची खरखरही कमी होते.

एवढ्यावर काम भागत नाही. कान बंद केल्याने एक नवी अडचण उभी राहते. परीक्षानळीच्या तोंडावर फुंकर मारून तुम्ही शिटी वाजवली असेलच. कर्णनलिका ही तशीच, एका टोकाला बंद असलेली नळी आहे. तिची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा, म्हणजे दहा सेंटिमीटरचा, स्वर अनुनादाने वाढतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा, की कंपनसंख्या येते ३४००. प्रत्यक्षात ती माणसागणिक थोडी बदलते, पण ३००० च्या आसपासचे स्वर आपला उघडा कान जन्मापासून वाढवूनच ऐकत आला आहे. इअरफोन घातला की नळीचे उघडे तोंड बंद होते आणि हा अनुनाद नाहीसा होतो. उरलेली, सुमारे दोन सेंटिमीटर लांबीची नळी आता दोन्हीकडून बंद असते. तिच्यात लांबीच्या दुप्पट तरंगलांबीचा, म्हणजे सुमारे ८५०० कंपनांचा, स्वर उसळतो. म्हणून चांगला इअरफोन बनवणारा ३००० च्या आसपासचा भाग मुद्दाम वाढवून देतो. कानाचे काढून घेतलेले कानाला परत देतो, म्हणा ना! ज्या इअरफोनमध्ये हे केलेले नसते त्यात गायक पडद्याआडून गातो आहे असे वाटते. आणि एखाद्या इअरफोनमध्ये ‘स’ टोचत असेल, तर लगेच नाव ठेवू नका. टोपी बदलून तो थोडा अधिक आत सरकवून पाहा. उरलेली नळी आखूड झाली की ती उसळी आणखी वरच्या स्वरांकडे जाते आणि टोचणी अनेकदा कमी होते.

दुकानात मात्र निराळाच सल्ला मिळतो: “वीस-तीस तास वाजू द्या, मग आवाज खुलेल.” माझ्या मते यात इअरफोनपेक्षा ऐकणाराच अधिक बदलतो. इतक्या तासांत टोपी कशी बसवायची हे हाताला कळते आणि नव्या आवाजाची मेंदूला सवय होते. खात्री करायची असेल तर एकाच प्रकारच्या दोन जोड्या घ्या, एक महिनाभर वाजवा, दुसरी डब्यात ठेवा, आणि मग डोळे बांधून मित्राकडून कानात घालून घ्या. कोणती कोणती ते ओळखता येते का, पाहा.

आता ज्यासाठी हे सारे सांगण्याचा खटाटोप केला तो भाग. टोपी सैल असली की माणूस काय करतो? आवाज वाढवतो. खर्ज कमी पडतो म्हणून वाढवतो, आणि बाहेरचा गलका आत येतो म्हणूनही वाढवतो. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असताना आपला कान खर्जाला फारच मंद असतो. ५० कंपनांचा स्वर जेमतेम ऐकू यायला १००० कंपनांच्या स्वरापेक्षा तो सुमारे ४० डेसिबेलने, म्हणजे दहा हजारपट ऊर्जेने, मोठा असावा लागतो. फटीतून गळणारा खर्ज भरून काढायला बटण दाबत गेलो, तर खर्ज तसाच गळत राहतो आणि मधले व तार स्वर मात्र भलतेच वाढतात. एसटीत किंवा लोकल गाडीत बसून असे ऐकणारा मुलगा स्वतःला नकळत आपल्या कानांवर हातोडी चालवत असतो.

हातोडी म्हणालो ते उगाच नव्हे. अंतर्कर्णाच्या शंखाकृती भागात प्रत्येक बाजूला पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्वचा खरचटली तर भरून येते. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी साधारण ४००० कंपनांच्या आसपासचे ऐकणे जाते. त्या वेळी माणसाला बहिरेपण आले असे वाटतच नाही. गलक्यात बोलणे ऐकू येते, पण ‘साप’ म्हणाले की ‘थाप’, हे कळेनासे होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जाहीर केलेल्या मानकात प्रौढांसाठी ८० डेसिबेल आवाज आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबेल ४० तास, अशी मर्यादा धरली आहे. प्रत्येक ३ डेसिबेल वाढीला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. प्रौढांच्या हिशेबाने ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९२ डेसिबेलला आठवड्यात फक्त अडीच तास! मुलांसाठी हाच हिशेब ७५ पासून तुम्हीच मांडा.

नीट बसलेली टोपी बाहेरचा आवाजही अडवते, विशेषतः मधले आणि तार स्वर. त्यामुळे आवाज खाली ठेवूनही सारे स्पष्ट ऐकू येते. मी स्वतः टोपी बदलल्यापासून फोनवरची आवाजाची रेघ तीन-चार घरे खाली आणली आहे. (रस्ता ओलांडताना आणि सायकलवर मात्र हीच टोपी घात करील. तिथे इअरफोन खिशात.)

तीन वर्षे वापरल्यावर काय होते तेही सांगतो. पहिल्या वर्षाअखेर डावी बाजू हळू ऐकू येऊ लागली. मला वाटले, बिघडला. भिंगातून पाहिले तर टोकाच्या बारीक जाळीवर कानातला मळ बसला होता. टोपी काढून साबणाच्या पाण्यात धुतली, जाळी खाली धरून जुन्या मऊ टूथब्रशने कोरडीच झाडली, आणि आवाज परत आला. जाळीत टाचणी खुपसायचा मोह टाळा. आत पटल आहे. कानात काडी घालायचा मोहही टाळा. कर्णनलिकेची त्वचा मळाला आपण होऊन बाहेर सरकवत असते. काडीने तो उलट आत ढकलला जातो. दुसऱ्या वर्षी टोप्या सैल व चिकट झाल्या. नव्या मिळतात, त्याही थोडक्या पैशांत. दुसऱ्याची टोपी मात्र आपल्या कानात घालू नये. माझ्या घरी आता प्रत्येकीची वेगळी आहे. तिसऱ्या वर्षी पिनेजवळ तार आतून तुटली. एकाच जागी रोज वाकवलेला पत्रा जसा तुटतो, तशीच तांब्याची तारही तुटते. शेजारच्या दुरुस्तीवाल्याने नवी पिन डाख देऊन बसवली. आता मी तार फोनभोवती करकचून गुंडाळत नाही.

सध्या माझ्या जोडीवर डाव्या बाजूला मधली टोपी आहे आणि उजव्या बाजूला मोठी. माझे दोन कान सारखे नाहीत, हे मला साडेचारशे रुपयांत कळले. आणि धाकटी भाची, जी आता सातवीत आहे, परवा पुन्हा तक्रार घेऊन आली: “मामा, डग्गा गेला.” या खेपेला मला काही विचारावे लागले नाही. तिने स्वतःच पिशवी उघडली आणि मधल्या मापाची जोडी शोधू लागली.